कंधारपूर आणि जगत्तुंगसमुद्र

रेणापुराहून कंधारास जाण्याचा योग आम्हांस पूर्वीं दोन वेळां आला होता. दोन्ही खेपांस आम्ही किल्ला पाहिला आणि परतलों. गेल्या हिंवाळ्यांत तिसऱ्यांदा गेलों, तेव्हां किल्ला अखेरच्या दिवसाकरितां राखून पहिले दोन दिवस तळ्याच्या कांठीं घालविले. क्रम बदलल्याबरोबर गांव निराळें दिसूं लागलें. किल्ल्याच्या दारांतून शिरणाऱ्यास कंधार हें सुलतानी अमदानींतील एक लष्करी ठाणें वाटतें. तळ्याच्या पाळीवरून पाहणाऱ्यास तेंच गांव राष्ट्रकूटांच्या काळचें एक नांदतें पुर म्हणून समजूं लागतें.

प्रस्तुत लेखांत नवा शिलालेख अगर नवा ताम्रपट आम्ही पुढें मांडीत नाहीं. जें छापून झालें आहे व जें उघड्यावर पडलें आहे, त्या दोहोंचा मेळ एका नांवाच्या आधारें कसा घालावा, आणि तें नांव आपणां संग्राहकांच्या घरीं असलेल्या जुन्या कागदांशीं कसें निगडित आहे, एवढेंच दाखवावयाचें आहे. तें नांव म्हणजे जगत्तुंगसमुद्र. शेवटीं आमच्या हातून पूर्वीं घडलेली एक चूकहि सांगावयाची आहे. ती सांगितल्यावांचून या लेखाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानीं यावयाचें नाहीं.

वाट व स्थान

रेणापूर हें रेणा नदीच्या कांठचें, रेणुकादेवीचें गांव. तेथून लातूर, लातुराहून नांदेडच्या रस्त्यानें चाकूर, अहमदपूर, खंडोबाच्या यात्रेकरितां प्रसिद्ध असलेलें माळेगांव, आणि मग लोहें. लोह्यास मुख्य रस्ता सोडला कीं थोड्याच वेळांत कंधार येतें. हा सर्व प्रदेश काळ्या कातळाचा व काळ्या मातीचा. बालाघाटाच्या बाजूनें येणारी मन्याड नदी गांवाजवळून वाहते व पुढें मांजरेस मिळते. आज कंधार नांदेड जिल्ह्यांत तालुक्याचें ठिकाण आहे; १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें.

गांव शांत आहे. बाजाराचा दिवस व कचेरीची वेळ सोडली, तर गल्ल्यांतून पायीं हिंडणाऱ्यास कोणी आडवें येत नाहीं, उलट ओट्यावर बसलेला वृद्ध गृहस्थ "कोणाकडे आलांत, गुरुजी?" असें आपण होऊन विचारतो. शिक्षकाचा पेशा अंगावरच्या कपड्यावरून कसा ओळखूं येतो हें कोडें आम्हांस अद्यापि उलगडलें नाहीं. पाहण्याजोगीं मुख्य स्थळें तीन : गांवाशेजारचा विस्तीर्ण तलाव, भुईकोट किल्ला व त्याचा पाण्यानें भरलेला खंदक, आणि हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा, जेथें हिंदु व मुसलमान दोघेहि श्रद्धेनें जातात. याखेरीज गांवांत, शेतांत आणि किल्ल्यांत जुन्या देवळांचे दगड, स्तंभ व मूर्तींचे अवशेष विखुरलेले आहेत. ते पाहतांना मनांत प्रश्न येतो तो असा, कीं इतकीं देवळें येथें होतीं तर तीं पोसणारें पुर कशावर जगत होतें? त्याचें उत्तर तळ्यांत आहे.

तळ्यास समुद्र कां म्हणावें?

वर्गांत रघुवंश शिकवितांना समुद्राचें वर्णन आलें, कीं मराठवाड्यांतील मुलें आमच्याकडे संशयानें पाहत. त्यांनीं समुद्र पाहिलेला नसे. अशा देशांत एका तळ्यास राजाच्या नांवानें 'समुद्र' म्हणावें, हें प्रथमदर्शनीं स्तुतिपाठकांचें काम वाटतें. परंतु येथें अतिशयोक्तीपेक्षां शास्त्राचा भाग अधिक आहे.

आपल्या धर्मशास्त्रांत पुण्यकर्मांचे इष्ट व पूर्त असे दोन वर्ग केलेले आहेत. यज्ञयाग हें इष्ट. विहिरी, तळीं, देवळें, बागा, अन्नसत्रें हें पूर्त. दक्षिणेंतील परंपरेनें तर तलावास सप्तसंतानांत स्थान दिलें. पुत्र, काव्य, निधि, देवालय, उपवन, अग्रहार यांच्याप्रमाणेंच तलाव हेंहि मनुष्याचें अपत्यच. कारण तें त्याच्या मागें त्याचें नांव चालवितें. पुत्राला जसें नांव द्यावयाचें, तसें तळ्यालाहि द्यावयाचें. म्हणून मोठ्या तलावांच्या नांवांत सागर व समुद्र हे शब्द आणि त्यांच्या मागें राजाचें, राणीचें किंवा देवतेचें नांव येतें. असें नांव म्हणजे केवळ गौरव नव्हे. तो एक प्रकारचा लेखच होय.

आतां व्यवहाराची बाजू पाहूं. काळ्या कातळाच्या प्रदेशांत पावसाळ्याचे चार महिने ओढे दुथडी वाहतात आणि माघ उजाडला कीं कोरडे पडूं लागतात. कातळांत पाणी मुरतें तें भेगांतून व मुरमाच्या थरांतून. अशा ठिकाणीं खोलगट जागा पाहून आडवी पाळ घातली, कीं दोन गोष्टी साधतात. वर पाणी सांठतें हें सर्वांस दिसतें. परंतु पाळीच्या खालच्या अंगास पाझर लागून विहिरींना वैशाखापर्यंत पाणी राहतें, हें शेतकऱ्यासच ठाऊक असतें. पाळीखालच्या मळ्यांवर व विहिरींवर पुर जगतें. म्हणजे क्रम असा कीं आधीं पाणी, पाण्यामागून वस्ती, वस्तीमागून देवळें व सत्रें, आणि सर्वांच्या शेवटीं त्या पाण्यावर ताबा ठेवणारा किल्ला. आपण अभ्यासक नेमका हा क्रम उलटा करतों व किल्ल्यापासून आरंभ करतों. आम्हींहि दोनदां तसेंच केलें.

नांवाचा विचार

गांवाच्या नांवाविषयीं स्थानिक आख्यायिका निराळी आहे. ती कंधारास पांचालपुरी म्हणते व द्रौपदीशीं त्याचा संबंध जोडते. आख्यायिकेचा मान राखून तिला बाजूस ठेवावें लागतें. कारण शिलालेखांत नांव येतें तें कंधारपुर असें.

संस्कृत जाणणाऱ्यास पहिला मोह होतो तो फोड करण्याचा. 'कं' म्हणजे जल. तें धारण करणारा तो कंधर. कोशांत कंधर शब्दाचा मेघ असा अर्थ दिलेला आहे. जल धारण करणारें पुर तें कंधारपुर, आणि शेजारीं तर समुद्रच. इतकी सुरेख व्युत्पत्ति सांपडल्यावर शिक्षकाचें मन हुरळून जातें. आमचेंहि गेलें होतें. परंतु स्थलनामांच्या बाबतींत जी व्युत्पत्ति फार सुरेख ती फार संशयास्पद, असा नियम अनुभवानें बांधावा लागतो. रेणुकेवरून रेणापूर असें आम्हीं तीस वर्षें मुलांना सांगितलें. परंतु नदीचें नांव रेणा, आणि नदीचीं नांवें बहुधा देवळांहून जुनीं असतात, हा विचार सेवानिवृत्तीनंतर सुचला.

दुसरी वाट राजाच्या नांवाची आहे. राष्ट्रकूट वंशांत कृष्ण नांवाचे तीन राजे झाले. कानडी लेखांत कृष्ण या नांवाचें रूप 'कन्नर' असें येतें. तामिळ लेखांत तिसरा कृष्ण 'कन्नरदेव' म्हणून ओळखला जातो. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव कृष्णाचें नांव कन्हर, कन्हार, कंधार अशा रूपांनीं लेखांत आढळतें. महानुभावांच्या ग्रंथांत तोच कान्हरदेव होय. म्हणजे बोलींतील कन्नर-कन्हर हें नांव संस्कृत पोषाख घालतांना कंधार होतें, याचा पुरावा याच महाराष्ट्र-कर्णाटकाच्या पट्ट्यांत आहे. त्या न्यायानें कंधारपुर म्हणजे कन्नराचें, म्हणजेच कृष्णाचें, पुर. आम्हांस ही दुसरी वाट अधिक सरळ वाटते. कारण ती कोशावर नव्हे, तर त्या काळच्या प्रत्यक्ष लेखनावर उभी आहे.

येथें आमच्या लातूरचाहि संबंध येतो. अमोघवर्षाच्या इ. स. ८६६ च्या शिरूर व नीलगुंद येथील लेखांत राष्ट्रकूटांस लत्तलूरपुराचे स्वामी म्हटलें आहे, आणि हें लत्तलूर म्हणजे लातूर असें बहुतेक विद्वान मानतात. पुढील काळीं राष्ट्रकूटांशीं नातें सांगणाऱ्या घराण्यांनीं 'कंधारपुरवराधीश्वर' असेंहि बिरुद मिरविलें. राज्य लयास गेल्यावरहि मूळपुराचें नांव अभिमानानें धारण केलें जाई, यावरून त्या पुराची कीर्ति किती होती याची कल्पना येते. लातूर व कंधार हीं दोन नांवें एका वंशाच्या बिरुदांत यावीं, आणि तीं दोन्ही आज एका दिवसांत पाहून होणाऱ्या अंतरावर असावीं, ही गोष्ट मराठवाड्यांतील अभ्यासकांनीं नजरेआड करण्यासारखी नाहीं.

फुटका शिलालेख

कंधार येथील तिसऱ्या कृष्णाच्या वेळचा शिलालेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या खंडांत प्रसिद्ध झालेला आहे. तिसऱ्या कृष्णाचा काळ इ. स. ९३९ ते ९६७. यानेंच इ. स. ९४९ त तक्कोळम् येथें चोळांचा पराभव केला. लेख खंडित आहे. परंतु जें उरलें आहे तें फार मोलाचें आहे. त्यांत दिग्विजयाच्या वर्णनापेक्षां नगराची व्यवस्था अधिक दिसते. कृष्णेश्वर हें देवालय, सर्वलोकाश्रय नांवाचा मंडप, अन्नसत्रें, त्यांकरितां केलेलीं दानें, आणि जगत्तुंगसमुद्र हा तलाव, असे उल्लेख त्यांत येतात.

अशा लेखाचें वाचन दोन प्रकारांनीं करतां येतें. राजवंशाचा अभ्यासक त्यांतील राजाचें नांव व बिरुदें टिपून घेतो आणि पुढें जातो. परंतु तोच लेख नगराचा नकाशा म्हणूनहि वाचतां येतो. सर्वलोकाश्रय हें मंडपाचें नांवच पाहा. सर्व लोकांस आश्रय देणारी जागा ज्या पुरांत बांधावी लागली, तेथें परगांवचे लोक नित्य येत असले पाहिजेत. सत्रें होतीं, म्हणजे तीं चालविण्यास धान्य, जळण व पाणी यांचा कायमचा पुरवठा होता. या सर्वांस पुरून उरेल एवढें पाणी मन्याडेच्या उन्हाळ्यांतील धारेंतून मिळालें नसतें. म्हणून त्या यादींत देवळांच्या जोडीला तलाव येतो हें आकस्मिक नव्हे. देवळें हें त्या पुराचें वैभव. तलाव हें त्याचें भांडवल.

त्या वैभवाची एक खूण गांवाच्या परिसरांत आजहि पाहतां येते. एका प्रचंड मूर्तीचे तुकडे येथें सांपडले आहेत. ही मूर्ति क्षेत्रपालाची असावी व ती उभी असतां पन्नास फुटांच्या आसपास उंच असावी, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. क्षेत्रपाल म्हणजे त्या भूमीचा राखणदार. आपल्या खेड्यांतील वेशीवरच्या देवाचाच तो थोरला भाऊ. त्या दगडांपाशीं उभे राहिलों तेव्हां आमच्याबरोबर आलेला एक शाळकरी मुलगा म्हणाला, "एवढा मोठा राखणदार होता, मग गांव कसें मोडलें?" आम्हांस पटकन उत्तर देतां आलें नाहीं. इ. स. ९७३ त चालुक्य तैलपानें राष्ट्रकूटांचें राज्य घेतलें, हें पाठ्यपुस्तकांतील उत्तर झालें. मुलाच्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हे. कृष्णेश्वर आज उभा नाहीं, सर्वलोकाश्रय मंडप उभा नाहीं, राखणदार स्वतःच भंगला. त्या यादींतील जी वस्तु आजहि आपलें काम करते ती एकच, आणि ती म्हणजे पाणी.

कोणता जगत्तुंग?

राष्ट्रकूट वंशांत जगत्तुंग हें बिरुद धारण करणारे मुख्य दोन पुरुष. पहिला तिसरा गोविंद. याचा राज्यकाल इ. स. ७९३ ते ८१४ असा धरतात, व याच्या स्वाऱ्या उत्तरेस कनोजच्या राजकारणापर्यंत आणि दक्षिणेस कांचीपर्यंत पोंचल्या होत्या. दुसरा जगत्तुंग दुसऱ्या कृष्णाचा पुत्र. हा राज्यावर येण्यापूर्वींच वारला आणि याचा पुत्र तिसरा इंद्र पुढें गादीवर बसला. याचाच दुसरा पुत्र तिसरा अमोघवर्ष, आणि त्या अमोघवर्षाचा पुत्र आपला तिसरा कृष्ण. म्हणजे ज्याच्या काळच्या लेखांत तळ्याचें नांव येतें, त्याचा हा दुसरा जगत्तुंग प्रत्यक्ष आजा होय.

तलाव तिसऱ्या गोविंदानें बांधविला असें बहुधा सांगितलें जातें, आणि त्यास आधार त्याच्या पराक्रमाचा व कीर्तीचा आहे. तरी आम्हांस असें सुचवावेंसें वाटतें कीं, तलाव हें संतान मानल्यास तें स्वतःच बांधलें पाहिजे असें नाहीं. पित्याच्या अगर आजाच्या पुण्यार्थ पूर्तकर्म करून त्याचें नांव देण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. ज्याला सिंहासन लाभलें नाहीं त्याचें नांव पाण्यानें राखावें, हें वंशजांस सुचणें अस्वाभाविक नव्हे. हें आमचें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. निश्चित एवढेंच कीं, तिसऱ्या कृष्णाच्या काळीं तलाव होता व त्याचें नांव जगत्तुंगसमुद्र असें होतें. म्हणजे त्याचें वय हजार वर्षांहून अधिक आहे.

येथें आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मतें तो या लेखाचा गाभा आहे. आज त्या तळ्यास जगत्तुंगसमुद्र म्हणतात. हें नांव हजार वर्षें लोकांच्या तोंडीं टिकून आपल्यापर्यंत आलें, कीं शिलालेख छापून झाल्यावर तें पुस्तकांतून गांवांत परत गेलें? शाळांचीं क्रमिक पुस्तकें, वर्तमानपत्रें, गॅझेटियरें यांच्या द्वारें विद्वानांचे शब्द खेड्यांत पोंचतात, आणि दोन पिढ्यांनंतर तेच शब्द परंपरा म्हणून आपणांस परत ऐकविले जातात. म्हाताऱ्या माणसास विचारून हा प्रश्न सुटत नाहीं. तो सुटेल कागदानें. शिलालेख प्रसिद्ध होण्यापूर्वींचा एखादा खरेदीखत, एखादी सनद, एखादी इनामाची नोंद, जीत जमिनीच्या चतुःसीमेंत त्या तळ्याचें नांव आलें असेल, तोच याचा साक्षी. असा कागद कोणाच्या तरी दप्तरांत असण्याचा संभव आहे. आणि असाच एक कागद आमच्या हातांतून गेला असावा.

दोन कंधार व आमची चूक

फारसी लेखनांत दक्षिणेंतील कंधार व अफगाणिस्तानांतील कंदाहार हीं दोन्ही नांवें एकसारखीं लिहिलीं जातात. इंग्रजींत भाषांतरें करणाऱ्यांनींहि दोहोंस एकच रूप दिलें. त्यामुळें घोटाळा होतो. शहाजहानच्या आरंभींच्या वर्षांत, इ. स. १६३१ त, नसीरीखानानें निजामशाहींतून जिंकलेला 'कंदाहार' हा आपला मन्याडेकांठचा कंधार होय. अफगाणिस्तानांतील कंदाहार मोंगलांस मिळालें तें इ. स. १६३८ त, अली मर्दानखानानें तें त्यांच्या स्वाधीन केलें म्हणून. आणि १६४९ त तें इराणच्या शहानें परत घेतल्यावर मोंगलांचे तीन वेढे व्यर्थ गेले. इ. स. १६३६ त औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार झाला, त्या वेळच्या वर्णनांत तेलंगणाची राजधानी नांदेड व तेथील किल्ला कंधार असें स्पष्ट म्हटलें आहे. विंडसर येथें असलेल्या पादशाहनाम्याच्या सचित्र हस्तलिखितांत १६३१ च्या वेढ्याचें चित्र आहे. तें पाहतांना आपणांस हजारों कोसांवरील डोंगर आठवूं नयेत, लोह्याजवळचा भुईकोट आठवावा. या किल्ल्यांतील फारसी-अरबी लेख गुलाम यज्दानी यांनीं 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका'च्या १९१९-२० च्या अंकांत प्रसिद्ध केले, ते जिज्ञासूंनीं अवश्य पाहावे.

हें सर्व आज आम्ही शहाणपणानें लिहितों. परंतु नोकरीच्या उत्तरार्धांत एका परिचित घराण्याच्या दप्तराची यादी करून देण्याचें काम आम्हीं पत्करलें होतें. रुमाल बारा-चौदा होते. मोडी आम्हांस येई. फारसी येत नसे. म्हणून एका वयोवृद्ध मुनशींना आम्हीं विनविलें. ते एकेक फारसी कागद मोठ्यानें वाचीत व सारांश सांगत, आणि आम्ही चिठ्ठी लिहून कागदास जोडीत असूं. एका जीर्ण कागदावर ते म्हणाले, "हा कंदाहारचा आहे. जमिनीचा आहे. एका बाजूस तलावाची पाळ आहे." पुढें त्यांनीं तलावाचें नांव वाचलें. तें नांव आम्हीं ऐकलें आणि लिहिलें नाहीं. अफगाणिस्तानांतील जमिनीशीं या घराण्याचा काय संबंध, असें मनांत म्हणून आम्हीं चिठ्ठीवर लिहिलें : "कंदाहार, अफगाणिस्तान. नक्कल. उपयोग नाहीं."

पुढें घराच्या वांटण्या झाल्या. आमच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून त्या मंडळींनीं 'उपयोग नाहीं' असे कागद वेगळे काढले व रद्दी घेणाऱ्यास दिले. त्यांत त्यांचा दोष नाहीं. गुरुजींनीं लिहून दिलें होतें. मुनशी तोंवर निवर्तले होते. आम्ही पहिल्यांदा कंधारास गेलों, तळें पाहिलें, आणि परततांना अहमदपूरच्या थांब्यावर गाडीची वाट पाहत असतां ती चिठ्ठी आठवली. त्यानंतर आम्हीं त्या घरीं गेलों, रद्दीवाल्याकडे गेलों, त्यानें ज्यांस माल दिला त्यांच्याकडेहि गेलों. कागद मिळाला नाहीं. त्यांत जगत्तुंगाचें नांव होतें असें आम्ही म्हणत नाहीं. नुसता 'बडा तालाब' असाहि शब्द असूं शकेल. परंतु एवढें खरें कीं, ज्या प्रश्नाचें उत्तर देऊं शकेल असा साक्षीदार आमच्यासमोर उभा राहून बोलला, आणि आम्हीं त्याची जबानी लिहून घेतली नाहीं.

संग्राहकांस विनंती

या चुकीवरून आम्हांस जे नियम सुचले ते थोडक्यांत देतों. त्यांत पांडित्य नाहीं. पण ते पाळले असते तर आजचा पश्चात्ताप टळला असता.

पहिला नियम असा कीं, कागदांतील स्थलनाम जसें वाचलें तसेंच टिपावें; त्याचा अर्थ चिठ्ठीवर लिहूं नये. अर्थ उद्यां बदलतो, नांव बदलत नाहीं. कंधार आलें तर शेजारचीं नांवें पाहावीं. नांदेड, उदगीर, औसा, बीदर, भालकी हीं असतील तर तो आपला कंधार. काबूल, बुस्त, हिरात हीं असतील तर तो परका.

दुसरा, चतुःसीमा कधींहि गाळूं नये. दानपत्रांतील राजाची वंशावळ पुष्कळ ठिकाणीं छापलेली असते. परंतु पूर्वेस कोणाचें शेत, पश्चिमेस कोणता ओढा, उत्तरेस कोणत्या तळ्याची पाळ, ही माहिती त्या एकाच कागदांत असते. ओढे, पाणवठे, माळ व तळीं यांचीं नांवें ज्या दिवशीं आपण टिपून ठेवूं, त्या दिवसापासून शिलालेखांतील अर्धीं स्थळें आपोआप सांपडूं लागतील.

तिसरा पोथ्यांविषयीं. पोथीची पुष्पिका, म्हणजे अखेरीस लेखकानें दिलेलें शक, संवत्सर, तिथि, गांव व आपलें नांव, ही अक्षरशः उतरून घ्यावी. पोथी विकत घेतां-देतां ती मूळ कोणत्या गांवच्या कोणत्या वाड्यांत होती हें वेष्टनावर लिहावें. गांव हरवलेली पोथी ही पाठभेदाच्या कामास येते. इतिहासाच्या कामास निम्मीच येते.

चौथा दगडांविषयीं. शिलालेखावर खडू घासूं नये, तेल ओतूं नये, रंग देऊं नये. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारा फोन असतो. सकाळीं अगर संध्याकाळीं तिरपें ऊन पडत असतां, शेजारीं मोजपट्टी ठेवून, दोन-तीन बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं व दगड कोठें, कोणत्या दिशेस तोंड करून आहे हें त्याच वेळीं लिहावें. दगड हलवूं नये. हललेला दगड अक्षरें सांगतो, पण आपलें गांव विसरतो.

आणि शेवटची विनंति अशी. नांदेड, लातूर, परभणी व बीड या जिल्ह्यांत ज्यांच्या घरीं कंधार परगण्याचे जुने कागद असतील, मग ते मोडी असोत कीं फारसी, त्यांनीं ते एकदां तळ्याच्या नांवाकरितां तपासावे. नांव कोणतेंहि निघो. मोठा तलाव निघो, समुद्र निघो, जगत्तुंग निघो. तीनहि उत्तरें सारखींच उपयोगी आहेत. 'जगत्तुंग' निघाल्यास लोकस्मृतीचें बळ हजार वर्षें टिकतें हें सिद्ध होईल. न निघाल्यास आपण ज्याला परंपरा म्हणतों त्यांतील कांहीं भाग आपल्याच छापखान्यांतून निघालेला आहे, हा नम्रपणा येईल. इतिहासाला दोहोंचीहि गरज आहे.

निघण्याच्या दिवशीं पहाटे आम्ही पुन्हां पाळीवर गेलों. एक मनुष्य गुरें घेऊन पाण्याकडे उतरत होता. "या तळ्याला काय म्हणतां?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "तळं म्हणतो, गुरुजी. आणखी काय म्हणायचं?" आम्हीं वही काढली, आणि या खेपेस त्याचें उत्तर जसेंच्या तसें, तारीख घालून, लिहून घेतलें.